एकेचाळीस दोर

पत्र आलं तेव्हा आई खळ्यावर भात झोडत होती. मी बावधनला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. झोडणीला हातभार लागावा म्हणून दोन दिवसांची रजा काढून गावी आले होते. शेजारच्या शारदाकाकूंचा किशोर मोटरसायकल थेट खळ्याच्या कडेला घेऊन आला आणि गाडी बंद न करताच त्याने कागद पुढे केला.

"काकी, तुमचा ठराव गेला."

"कुटं गेला?"

"वरनं विखंडित झाला."

"म्हंजे?"

"म्हंजे संपला. आता त्यो कुणालाच लागू न्हाई."

आईने हातातली पेंढी फळीवर आपटून पुरी केली, पेंढा बाजूला टाकला, हात पदराला पुसले आणि मग कागद घेतला.

ठराव असा होता, की गावच्या पिण्याच्या विहिरीपासून हजार फुटांच्या आत नवं बोअर मारायचं नाही आणि गावचं पाणी टँकरने विकायचं नाही. आई पंचायतीत सदस्य होती तेव्हा ग्रामसभेने तो केला होता. सूचक म्हणून तिचं नाव होतं. सहा वर्षं कातरवाडीने तो पाळला. किशोरनेसुद्धा घरामागे बोअर घ्यायचं मनात आणून सोडून दिलं आणि जांबे गावात जागा घेऊन तिथे भाड्याच्या खोल्या बांधल्या. पत्रात लिहिलं होतं, की राज्याचे नियम लागू असलेल्या क्षेत्रात ग्रामसभेला वेगळे निर्बंध घालता येत नाहीत. शिवाय अशा निर्बंधामुळे लोकांचं हित साधल्याचा पुरावा अभिलेखावर नाही.

आईने ते दोनदा वाचलं. ती सातवी शिकलेली होती आणि वाचताना तिचे ओठ हलत.

"ठराव असताना भलं झालं त्याचा पुरावा न्हाई म्हनत्यात," ती म्हणाली.

"आसंच लिवत्यात, काकी. सगळ्यांना तेच."

"मग ठराव गेल्यावर काय वाईट हुतंय, त्याचा पुरावा कोन ठेवनार?"

किशोर हसला. "तुमी ठेवा."

आईने पत्राची घडी घालून वाऱ्याने उडू नये म्हणून फळीखाली सारली आणि पुढची पेंढी उचलली.

होळीच्या आधीच विहिरीच्या वरच्या अंगाला पहिलं बोअर पडलं. पुढच्या पावसाळ्यानंतर आणखी दोन. वर टेकडीच्या उतारावर इमारती उठत होत्या, त्यांच्यासाठी. परवानग्या पुण्याहून आल्या होत्या आणि पंचायतीला नुसती प्रत. दुसऱ्या वर्षी चैत्रात गावच्या पंपाची पाण्यातली झडप उघडी पडली. नळ कोरडे झाले आणि एरवी उन्हाळ्यात अधूनमधूनच लागणारे दोर बायांनी पोटमाळ्यावरून खाली काढले.

आईने आधी साधा मार्ग धरला. सुतळीला दगड बांधून रोज सकाळी विहिरीत सोडायचा, भिजलेली खूण बघायची. महिनाभर हे केल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज पाणी किती खोल आहे हे कळतं, पण आधी किती होतं ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. त्या शनिवारी मी घरी होते. ती उंबऱ्यात बसून सुतळी गुंडाळत होती.

"निम्माच पुरावा हाय माझ्याकडं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी विहिरीवर होतो. शारदाकाकू आपल्या दोराला तुकडा जोडत काठावर बसल्या होत्या. दोराचं टोक दाताखाली धरूनच त्या बोलत होत्या.

"गेल्या साली म्हशीचं दावं जोडलं. औंदा काय जोडू? नेसतं लुगडं फाडू?"

आईने कळशी खाली ठेवली. "शारदे, दोर दे बगू तुझा."

"का गं? जीव देतीया?"

"जीव द्यायला तुझा गाठीगाठीचा दोर घीन व्हय? दे हिकडं."

तिने दोर हातात घेऊन तो एका टोकापासून बघायला सुरुवात केली. आधी जुना काथ्या, मग निळं नायलॉन, मग दावं. प्रत्येक जोडाशी थांबून तिने विचारलं, हा कधीचा. शारदाकाकूंना सगळं आठवत होतं. निळा जोड मधल्या सुनेला दिवस होते त्या उन्हाळ्यात. दाव्याचा जोड गेल्या साली, हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, कारण आदल्या दिवशी जत्रेला भावकी आली आणि कळशी बुडेना म्हणून फजिती झाली होती.

गाव काहीच लिहून ठेवत नाही असं मला वाटत आलं होतं. त्या सकाळी आईने गावाची वही शोधून काढली.

मी म्हणाले, "आई, माझ्याकडे टेप आहे. पुढच्या वेळी घेऊन येते."

"टेप नको. टेप बगितला की बाया दारं लावून घेत्यात. रस्ता मोजाया आलं, जमीन मोजाया आलं, टेप घिऊनच आलं. त्यापरीस माझी वाव बरी."

वाव म्हणजे दोन्ही हात आडवे ताणले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जे अंतर भरतं ते. विहिरीचा दोर आमच्याकडे वावेनेच मोजत आले आहेत. आई मोजायची तेव्हा पाय फाकून उभी राहायची, दोर छातीवरून ओढायची, हात पसरून मान किंचित मागे घ्यायची आणि तोंडाने आकडा म्हणायची. तिचं सगळं अंग त्या क्षणी ताठ व्हायचं. मग दोर सैल, की पुन्हा.

तो उन्हाळा तिने कातरवाडीतले अठरा दोर मोजण्यात घालवला. भल्या सकाळी शेणघाण, धारा, भाकरी. मग वही पिशवीत टाकून एकेका घरी. शाळेची शंभर पानी वही होती. घर कुणाचं, दोर किती वाव, कितव्या वावेवर जोड, जोड कधी, कशाचा. बाया आधी हसल्या, मग जोड आठवण्यावरून आपसात भांडायला लागल्या. एकीने आपला दोर लांब भरावा म्हणून घरातली वाळत घालायची दोरी जोडून आणली. आईने ती मुकाट्याने सोडवून तिच्या हातात दिली.

आबा, माझे वडील कुशाबा, गोठ्याच्या दारातून हे बघत असत.

"बायकांचं दोर मोजीत हिंडतीया," ते मला ऐकू जाईल असं म्हणायचे. "उद्या चुली मोजील. परवा पोळपाट."

"तुमची जीभ मोजनारे आदी," आई म्हणायची. "पन तिवढा दोर कुनाकडं न्हाई."

ती उन्हातून निघाली, की तिच्या पिशवीत पाण्याची बाटली भरून ठेवलेली असायची. ती आबा भरायचे.

पावसाळा झाला, लावणी झाली. दिवाळीच्या आधी भात पोटरीत असताना आई देवकुरणला गेली. ते गाव डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, दोन तास चालत. तिथून ती संध्याकाळी परतली तेव्हा तिच्या टाचा फुटून रक्त आलं होतं. मी कोमट पाण्यात मीठ टाकून पाय शेकत होते आणि थोडी चिडलेही होते.

"देवकुरणला कशाला गेलीस? तिथे बोअरच नाहीत. गाडी जाईल असा रस्तासुद्धा नाही."

"म्हनून तर गेले."

"म्हणजे?"

"पाऊस त्यांचा न् आपला येकच. त्यांच्याबी इहिरी हटल्या आसतील तर दोष पावसाचा. न्हाई हटल्या तर बोअरचा." तिने वही माझ्याकडे सरकवली. "नऊ दोर मोजलं. धा वर्सांत समद्यांत मिळून येकच जोड, त्योबी तुटला म्हनून."

मी ज्या ग्रंथालयात काम करते तिथे संशोधन कसं करावं यावर दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत. मी त्यांतली बरीच वाचली आहेत. राज्याचा एक कायदा आला, की गावाने स्वतःपुरते केलेले नियम कसे पुसले जातात, यावर मोठ्या माणसांनी लिहिलेली पुस्तकंही वाचली आहेत. तुलनेसाठी असं गाव घ्यावं जिथे बाकी सगळं सारखं आणि तेवढी एकच गोष्ट वेगळी असेल, हे त्यांतल्या एका पुस्तकात चाळीस पानं घेऊन सांगितलं आहे. आईने ते तीन वाक्यांत सांगितलं आणि मला म्हणाली, "पानी गार झालं, बाय. राहू दे आता."

दिवाळीनंतर ती पुण्याला त्या कचेरीत गेली. आपल्यासारखे आणखी कुणाचे ठराव गेले ते तिला बघायचं होतं. मी सोबत होते. तिसऱ्या मजल्यावर जाताना ती प्रत्येक वळणावर थांबली आणि पिशवी डाव्या हातातून उजव्यात घेतली. मला वाटलं, दमली असेल.

खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "कुठल्या संस्थेतर्फे?"

"घरनं आले."

"तसं नाही बाई. संशोधन कुठल्या संस्थेसाठी करताय? शिक्षण किती?"

"सातवी."

त्याने शेजारच्या टेबलाकडे बघून भुवया उंचावल्या. "बसा तिकडे."

मी पुढे होऊन काही बोलणार तोच आईने माझं मनगट धरलं. आम्ही जिन्याजवळच्या बाकावर अकरा वाजता बसलो. तिने पिशवीतून पावट्याच्या शेंगा काढल्या आणि ओच्यात घेऊन सोलायला लागली. साहेब जेवायला गेले, आले, मीटिंगला गेले. येणारे-जाणारे तिच्याकडे बघत. एका शिपायाने टरफलं सांडू नका म्हणून दम दिला. तिने त्याला एक तरी टरफल खाली दाखव म्हणून सांगितलं. चार वाजता तिच्या पिशवीत दोन किलो सोललेले पावटे होते आणि हातात पत्रांच्या तीन प्रती.

तिन्ही पत्रांत वाक्यं तीच होती. उंबरवाडीने तळ्यावर टँकर भरायला बंदी केली होती. त्यांच्या पत्रात खाली गावाचं नाव बदलायचं राहून गेलं होतं आणि कातरवाडी असंच लिहिलेलं होतं.

आम्ही उंबरवाडीला गेलो तेव्हा तिथल्या आशालतावहिनी ते पत्र वाचून खूप वेळ हसल्या. त्या बचत गटाच्या अध्यक्ष, जाडजूड, मोठ्या आवाजाच्या.

"म्हंजे आमच्या ठरावाला तुमच्या नावाचं सुतक? मग त्यो मेलाच न्हाई. हाय जिता."

त्या दिवशी आईने उंबरवाडीतले चौदा दोर मोजायला सुरुवात केली. ते तिला पाच फेऱ्यांत पुरे झाले. आधी एका दिवसात नऊ दोर मोजणारी बाई आता तीन मोजून परत येत होती. थंडी आहे, दिवस लहान आहे, असं ती म्हणाली.

वही पुरी झाली तेव्हा चित्र स्पष्ट होतं. ठराव होता त्या सहा वर्षांत कातरवाडीत एका दोराला सरासरी एकच जोड. ठराव गेल्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत दोन, कुठे तीन. उंबरवाडीत तसंच. देवकुरणला पाणी हटलं म्हणून एकही नाही. तेवढ्यात चौथ्या बोअरची बातमी आली. ते विहिरीच्या वर अवघ्या तीनशे फुटांवर पडणार होतं. आईने हरकतीचा अर्ज केला, सुनावणी लागली. वैशाखातला गुरुवार. त्या दिवशी काही झालं नाही, तर दुसऱ्या आठवड्यात मशीन उभं राहणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. विहिरीचा झरा त्याच अंगाने येतो.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात, बुधवारी सकाळी आई धार काढायला गेली ती गोठ्यातच गव्हाणीला टेकून बसली. आबांना वाटलं, वासरू सोडायची वाट बघतेय. डॉक्टरांनी हृदय असं सांगितलं. डावा हात बरेच दिवस दुखत असणार, बोलल्या नाहीत का, असं त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनीही नाही म्हणून सांगितलं.

सावडणं झालं त्या दुपारी किशोर वही घेऊन ओसरीवर बसला. सुनावणीला बोलायचं कुणीतरी हवं होतं आणि ते आता माझ्याकडे आलं होतं.

"ताई, हे सगळं वावंत लिवलंय."

"हो."

"समोर बिल्डरचा वकील आसनार. त्यो म्हननार, वाव म्हंजे किती फूट?"

"पाच धरतात."

"धरून चालतंय व्हय? माझी वाव बग." त्याने हात पसरले. "न् माझ्या आईची बग. दीड फुटाचा फरक हाय. काकींची किती व्हती?"

मी आबांकडे बघितलं. आबांनी मान हलवली. चाळीस वर्षं बरोबर राहून ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नाही. ज्या हातांनी मोजलं ते आता मोजता येणार नव्हते.

एकच मार्ग होता. दोर होते, वहीत त्यांच्या वावा होत्या. दोर टेपने पुन्हा मोजले, की वाव निघाली असती. पण आम्हाला सुतक होतं. सुतकातल्या घराने दुसऱ्याच्या पाण्याच्या दोराला हात लावायचा नसतो आणि दहा दिवस कुणाच्या दारातही जायचं नसतं.

"त्ये मोडायचं न्हाई," आबा म्हणाले. "तिच्यासाटी तर न्हाईच. लोक म्हनतील, जयाच्या घरानं गावाचं पानी बाटवलं."

शारदाकाकू आमच्यासाठी पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं, टोपली ठेवली आणि गेल्या. पाच मिनिटांनी त्या आपला दोर खांद्यावर टाकून अंगणात उभ्या होत्या.

"तू हात लावू नको. तितंच बस न् बग. किशोर, टेप धर."

त्यांनी आणि सुनेने दोर ताणला, किशोरने बाजूने टेप धरला. मी ओसरीवरून आकडा वाचला आणि वहीत लिहिला. आईने मोजल्यानंतर ज्यांनी नवा जोड घातला होता त्यांनी तो आधी सोडला. संध्याकाळपर्यंत गावातले अठराही दोर आमच्या अंगणात येऊन गेले. ज्या बाया टेप बघून दार लावायच्या, त्याच आता टेपचं टोक नीट धर म्हणून किशोरला रागावत होत्या. दुसऱ्या दिवशी देवकुरणहून दोन म्हाताऱ्या नऊ दोर पाठीवर घेऊन डोंगर उतरून आल्या. आमच्या घरचं पाणी चालणार नव्हतं म्हणून त्या शारदाकाकूंकडे पाणी प्यायल्या.

मी भागाकार करत गेले. पाच फूट एक इंच. पाच फूट एक इंच. पाच फूट सव्वा इंच. सत्तावीस दोरांत कुठेही बोटभराच्या पलीकडे फरक नव्हता. उन्हात, उपाशीपोटी, बायांच्या गलक्यात उभी राहून ती दर वेळी हात तेवढेच पसरत होती.

तिसऱ्या दिवशी आशालतावहिनी टेम्पोतून उंबरवाडीचे चौदा दोर पोत्यात घालून घेऊन आल्या. पहिल्याच दोराचा भागाकार केला आणि मी थांबले. चार फूट दहा इंच. पुन्हा मोजायला लावलं. तेवढंच. दुसरा, तिसरा, सगळे चौदा.

"दोर आटला आसंल," किशोर म्हणाला.

"नायलॉन कसं आटेल?"

शारदाकाकू अंगणात खाली बसल्या. दोराचं टोक अजून त्यांच्या हातात होतं.

"दोर न्हाई आटला," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासनं तिचा डावा हात पुरा जात नव्हता. इहिरीवर बगितलंय मी. कळशी वडताना मदीच हात छातीशी घ्यायची. मला म्हनली, साधनाला सांगू नको, ती रजा काडून यील न् मला दवाखान्यात घिऊन बसंल. हे येवढं चौदा दोर हू दे."

आबा उठून गोठ्यात गेले. थोड्या वेळाने तिथून बादलीचा आवाज आला.

मग किशोर हळू आवाजात म्हणाला, "ताई, येक सांगू? सगळ्यालाच पाच-येक लाव. उंबरवाडीचा ह्यो दोर धा वाव हाय. पाच-येकनं पन्नास फुटाच्या वर जातोय. चार-धानं अठ्ठेचाळीसच. दोन-अडीच फूट खोली आपल्या हातानं कशापायी सोडायची? तितं कोन दोर मोजनारे?"

तो वाईट सांगत नव्हता. ते बोअर पडलं तर त्याची आईच कोरड्या विहिरीवर उभी राहणार होती. मी वही मिटली. आबा गोठ्याच्या दारात येऊन उभे होते.

"तिला कळलं आसतं तर तिनं काय केलं आसतं?" त्यांनी विचारलं.

"खोडून लिहिलं असतं."

"मग लिव की."

मी खोडलं नाही. तिच्या आकड्याशेजारी दुसरा रकाना आखला आणि त्यात खरे फूट लिहिले.

सुनावणीच्या दिवशी, नवव्या दिवशी, आम्ही पाच जण किशोरच्या चारचाकीतून पुण्याला गेलो. तिन्ही गावांतल्या काही दोरांचं पोतं आशालतावहिनींनी मांडीवर घेतलं, कारण डिकीत सुतकातल्या घराच्या चपला होत्या. आबा पुढे बसले.

साहेब पन्नाशीचे, थकलेल्या चेहऱ्याचे होते. त्यांनी नाव पुकारलं. "अर्जदार, जया कुशाबा."

"त्या गेल्या," मी म्हणाले. "मी मुलगी. आज नववा दिवस आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तारीख वाढवून देतो. पुढच्या महिन्यातली घ्या."

बिल्डरचा वकील लगेच म्हणाला, "आमची हरकत नाही, सर. दुःखाचा प्रसंग आहे."

"तोपर्यंत बोअर थांबेल का?" मी विचारलं.

"तसा आदेश आज सुनावणीशिवाय देता येणार नाही," साहेब म्हणाले.

"मग तारीख नको."

मी वही पुढे ठेवली आणि काय केलं ते सांगितलं. वकील उभा राहिला. ग्रामसभेला असे नियम करण्याचा अधिकार नाही हे ठरलेलं आहे. आणि आता पुरावा म्हणून गावातल्या बायकांच्या दोऱ्या आणल्या आहेत. कुणी मोजल्या, कशाने मोजल्या, त्यांना आधार काय.

"दोर आनलेत," मागून आशालतावहिनी म्हणाल्या. "तुमी मोजा."

"तुम्ही मध्ये बोलू नका."

"बोलत न्हाई. दोर हितं ठिवला."

साहेबांनी वकिलाकडे बघितलं. "एक निवडा. तुमच्याच हाताने."

वकिलाने नाखुशीने पोत्यात हात घातला आणि एक दोर ओढला. त्याला उंबरवाडीची चिठ्ठी होती. खोलीत तो मावेना. शिपायाने एक टोक खिडकीशी धरलं, आशालतावहिनी दुसरं टोक घेऊन दारातून बाहेर गेल्या, वऱ्हांड्यातून पुढे, बाकावर बसलेल्या लोकांना पाय वर घ्यायला सांगत जिन्यापर्यंत. लोक उठून उभे राहिले. कुणीतरी विचारलं काय चाललंय. शारदाकाकू म्हणाल्या, "आमची इहीर मोजत्यात." साहेब स्वतः उठले आणि दोराच्या कडेकडेने चालत जिन्यापर्यंत गेले. कारकुनाने टेप लावला.

"अठ्ठेचाळीस फूट साडेपाच इंच."

साहेबांनी परत येऊन वही उघडली. "इथे अठ्ठेचाळीस फूट चार आहे."

"सकाळी पानी वढूनच निगालो," आशालतावहिनी दारातून म्हणाल्या. "तानलाय वाईच."

"पण मूळ नोंद दहा वाव आहे, सर," वकील वहीवर वाकून म्हणाला. "आणि यांनीच वर लिहिलंय, वाव म्हणजे पाच फूट एक इंच. म्हणजे पन्नासच्या वर होतात. मूळ मोजणी चुकीची आहे, हे अर्जदारच कबूल करतात."

"हो," मी म्हणाले. "या चौदा दोरांत दर वावेला तीन इंच चूक आहे. दिवाळीनंतर आईचा डावा हात पुरता पसरत नव्हता. ते आम्हाला ती गेल्यावर कळलं. म्हणून दोर पुन्हा मोजले आणि आकडे कमी केले."

साहेब पानं उलटत गेले. देवकुरणच्या पानावर थांबले. "या गावाचा ठराव नाही. हे का मोजलं?"

मी आईची तीन वाक्यं सांगितली.

त्यांनी वही मिटली नाही. उघडीच ठेवून ते माझ्याशी बोलले. "ठरावाचं मला काही करता येणार नाही. तो वरच्या पातळीवर गेला, तिथून परत यायचा नाही. त्याची आशा ठेवू नका. पण बोअरला परवानगी देताना पिण्याच्या विहिरीवर काय परिणाम होतो ते बघणं माझं काम आहे." मग ते टंकलेखकाकडे वळले. "घ्या. अर्जदार मयत. अर्जदाराने केलेली मोजणी व तिच्या वारसाने केलेली दुरुस्ती ग्राह्य धरण्यात येते. भूजल तपासणी होऊन अहवाल येईपर्यंत प्रस्तावित बोअरचं काम स्थगित."

टंकलेखकाची बोटं थांबली. "साहेब, मोजणीचं एकक काय टाकू?"

"फूट टाका." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "आणि पुढे लिहा, अर्जदाराने वापरलेले मूळ एकक वाव."

"वाव म्हणजे किती?"

साहेबांनी वहीत बघितलं. "पाच फूट एक इंच," त्यांनी सांगितलं, आणि टंकलेखकाने ते टाइप केलं.

आबा बाहेर बाकावर बसले होते. आत आले नव्हते. शारदाकाकू आणि आशालतावहिनी वऱ्हांड्यात दोर गुंडाळत होत्या, किशोर गाडी काढायला खाली पळाला होता. मी आबांच्या शेजारी बसले आणि काय झालं ते सांगितलं. ठराव गेला तो गेलाच. चौथं बोअर तपासणी होईपर्यंत थांबलं. तपासणीत काय निघेल ते कळायला दोन महिने लागतील.

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तिची वाव किती भरली म्हनलीस?"

"पाच फूट एक इंच."

"येवढीच?" आबा म्हणाले. "मला लई मोटी वाटायची."